ठसा कुणी ठोकला?

अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या जुन्या सरकारी शस्त्रागारात आता संग्रहालय आहे. तिथल्या एका काचेपाशी एक वृद्ध गृहस्थ कंबरेत वाकून बराच वेळ एकाच रिव्हॉल्व्हरकडे पाहत होते. मागची माणसं पुढे सरकली, ते हलले नाहीत. काय पाहताय, असं विचारल्यावर म्हणाले, ‘एन या अक्षराची डावी कड.’ या उत्तरापायीच पुढे मी त्यांच्या कामाच्या खोलीत जाऊन बसलो.

खोली घराच्या तळघरात आहे. आत पाऊल टाकताच यंत्रतेलाचा वास येतो आणि त्याच्या तळाशी शस्त्रं साठवताना फासत त्या चिकट मेणाचा जुनाट, जड वास. तो कपड्यांना धरून बसतो. आयुष्यभर त्यांनी कारखान्यांसाठी पोलादी छाप बनवले, म्हणजे धातूवर अक्षरं उमटवायची हत्यारं. निवृत्तीनंतर संग्राहक त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातली रिव्हॉल्व्हर घेऊन येऊ लागले. प्रश्न नेहमी एकच असतो: यावरची लष्करी मालकीची खूण खरी का?

बहुतेक वेळा समोर असतं ते याच शहरात बनलेलं स्मिथ अँड वेसनचं ‘व्हिक्टरी’. १९४२च्या वसंतात कंपनीच्या या जातीच्या रिव्हॉल्व्हरांचे क्रमांक दहा लाखांपर्यंत पोचले आणि पुढच्या क्रमांकांआधी व्ही हे अक्षर आलं. चार इंची नळीची बरीचशी अमेरिकी नौदलाकडे गेली, पाच इंची मुख्यतः ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांकडे. १९४१च्या मार्चमध्ये झालेल्या उधार-उसनवारीच्या कायद्याखाली माल परदेशी गेला तरी मालकी अमेरिकेचीच राही. म्हणून ब्रिटिश शिपायाच्या कमरेला लागलेल्या रिव्हॉल्व्हरवरही ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ असं लिहिलेलं सापडतं.

‘आधी सहा जागा,’ ते म्हणतात. मुठीचा तळ, सिलिंडरची मागची बाजू, नळीची खालची बाजू, काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीची पाठ, सिलिंडर पेलणारा बाहू आणि उजव्या लाकडी पट्टीची आतली बाजू. या सहा जागी तोच क्रमांक असेल तर वस्तू एकसंध आहे. बाहूवरचा क्रमांक पाहायला काडतुसाच्या घरातून प्रकाशाची बारीक तिरीप सोडावी लागते. बाहूच्या खाचेत आणखी एक आकडा असतो, तो फक्त जुळणीचा. नवखे संग्राहक त्यालाच क्रमांक समजतात आणि घाबरतात.

सहा जागा जुळल्या की भिंग उचललं जातं. पण त्याआधी ते डोळे मिटून ठशावरून अंगठा फिरवतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आणि दर वेळी तितकंच टक लावून पाहिलं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालणारा ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर कोरतो. इथे छाप एका घावात पोलादात बसतो. घाव बसला की धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो आणि अक्षराच्या कडेला वर येतो. कुणी नंतर पॉलिश केलं असेल तर तो उंचवटा गुळगुळीत होतो. कोरून काढलेल्या अक्षराला असा उंचवटा येतच नाही. अंगठ्याला हे डोळ्यांच्या आधी कळतं.

मग क्रम लावायचा. पृष्ठभागावर फॉस्फेटचा करडा, खरखरीत थर असतो. तो अक्षराच्या तळाशीही असेल तर अक्षर आधीचं, तिथे तो तुटलेला असेल तर अक्षर नंतरचं. पण नंतरचं म्हणजे खोटं नव्हे, हे ते आवर्जून सांगतात. युद्धानंतर ब्रिटनमध्ये लष्करी माल बाजारात आणताना बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या चाचणीगृहाचे ठसे त्यावर मारावे लागत. ते साहजिकच थर फोडून बसले. १९४४मध्ये जहाजाच्या डेकवर पडलेल्या एका रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून खलाशी दगावला, तेव्हा घोड्याला नवा अडसर आला. तो बसवलेल्या काही जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या व्हीजवळ एस नंतर ठोकलेला आहे, कधी तिरकाही. युद्धकाळातलं काम घाईचं होतं. नीटसपणा हा खरेपणाचा पुरावा नाही.

खोटेपणा बहुधा विसंगतीतून बाहेर पडतो. ‘यू.एस. प्रॉपर्टी जी.एच.डी.’ या ठशातली आद्याक्षरं स्प्रिंगफील्ड ऑर्डनन्स विभागाचे प्रमुख गाय एच. ड्रूरी यांची. तो उत्तरार्धातला ठसा. व्हीच्या अगदी सुरुवातीच्या क्रमांकावर तो दिसला तर शंका घ्यावी. पाच इंची ब्रिटिश नमुन्यावर ‘यू.एस. नेव्ही’ दिसलं तरीही.

मी भारतातला म्हटल्यावर त्यांनी एक जुना फोटो काढला: ब्रिटिश सरकारी मालकीचा रुंद बाण आणि त्याखाली आय, म्हणजे हिंदुस्थानी सैन्याचा माल. कॅनडाचा बाण सीच्या पोटात, न्यूझीलंडचा एन आणि झेडच्या मध्ये. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातल्या काडतुसांवरचं के.एफ. त्यांना ठाऊक होतं. खडकी कुठे आहे, हे मात्र त्यांनी माझ्याकडून नकाशावर समजून घेतलं.

त्या दिवशी एक बाई आजोबांचं रिव्हॉल्व्हर घेऊन आल्या. चार इंची नळी, वर ‘यू.एस. नेव्ही’. सहा जागा जुळल्या, सहाच्या सहा. बाईंचा चेहरा उजळला. मग अंगठा फिरला आणि थांबला. खात्रीच्या नमुन्यांचे मोठे केलेले फोटो शेजारी ठेवून त्यांनी बाईंना दाखवलं: एनची उंची जास्त, अक्षरांची रेघ वाकडी, तळाशी थर फुटलेला. एवढ्यावर त्यांनी निकाल दिला नाही. बाईंनी कंपनीच्या जुन्या नोंदींवरून मिळणारं पत्र आणलं होतं. त्यानुसार हे रिव्हॉल्व्हर डिफेन्स सप्लाइज कॉर्पोरेशनमार्फत युद्धसामग्रीच्या एका कारखान्याकडे गेलं होतं, पहारेकऱ्यांसाठी. त्या वाटेने गेलेल्या रिव्हॉल्व्हरांवर सहसा लष्करी मालकीचा ठसा नसे.

‘पण आजोबा नौदलात होते,’ बाई म्हणाल्या.

‘आजोबा होते. हे रिव्हॉल्व्हर नव्हतं.’

ठसा कुणी मारला, असं बाईंनी विचारलं. विकणाऱ्याने मारला की खुद्द आजोबांनी हौसेने, हे धातूवरून सांगता येत नाही, एवढंच उत्तर मिळालं. अहवालात तीन रकाने असतात: जुळतं, जुळत नाही, ठरवता येत नाही. तिसरा रकाना कोरा ठेवायची घाई ते करत नाहीत. फी निकाल कसाही लागला तरी तीच.

या व्यवहारात काही विक्रेते असल्या भरीला ‘दुरुस्ती’ म्हणतात. मला हा शब्द मान्य नाही. युद्धानंतर कित्येक सैनिकांनी सरकार वस्तू परत मागेल या भीतीने मालकीची खूण कानशीने घासून टाकली. त्या घासण्यातही एका माणसाची गोष्ट आहे. तिथे नवी अक्षरं ठोकणारा ती गोष्ट पुसतो आणि तिच्या जागी गिऱ्हाइकाला आवडेल अशी दुसरी लिहितो.

बाजाराला जहाजं आणि आघाड्या हव्या असतात, म्हणून बिनठशाचं रिव्हॉल्व्हर स्वस्त आणि नौदलाचं महाग. पण जहाजावर जे चढलं ते आधी कुठल्या तरी कारखान्यात तयार झालं आणि त्या कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीला कुणीतरी उभं होतं. खोट्या ठशाने फसवणूक गिऱ्हाइकाची होते, हे सगळेच सांगतात. त्याहून मोठी फसवणूक त्या पहारेकऱ्याची आहे. त्याच्या नोकरीची उरलेली एकमेव साक्ष दुसऱ्याच्या नावावर लागते. ती परत त्याच्या नावावर लावणारा माणूस इतिहासाचंच काम करतो, असं मी मानतो.