आंब्रोली ते बेथेल

जालन्याच्या मातीत इंग्रजी पहिल्यांदा आली ती तोफांबरोबर. जिल्ह्याच्या उत्तरेला, आसई गावापाशी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे जालन्यात छावणी पडली. छावणीतली इंग्रजी हुकमाची होती. ती शिपायांच्या, खानसाम्यांच्या कानावर पडे, पण त्यांना ती शिकवावी असे कुणाला वाटत नव्हते. शिकून आलेली, व्यासपीठावर उभी राहून बोलणारी इंग्रजी जालन्यात पोहोचायला १८६० चे दशक उजाडावे लागले, आणि ती आणली मराठी बोलणाऱ्या एका ब्राह्मण ख्रिस्ती धर्मोपदेशकाने. त्यांचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री. मराठवाड्याच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण निजामाच्या उर्दू शाळांपासून सुरुवात करतो आणि थेट मिलिंद महाविद्यालयावर येतो. मधली ही वाट सांगायची राहून जाते, म्हणून हा लेख.

ही वाट सुरू होते मुंबईत, गिरगावातल्या आंब्रोलीला. स्कॉटलंडच्या लॉडर गावच्या शेतकरी घराण्यातले जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३२ मध्ये त्यांनी इंग्रजी शाळा काढली. याच शाळेचे पुढे विल्सन कॉलेज झाले. चौपाटीसमोरची आजची इमारत १८८९ ची, विल्सन यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी उभी राहिलेली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, म्हणजे ही शाळा विद्यापीठाहून पाव शतकाने वडील.

तिथे इंग्रजी कशी शिकवली जात असेल, हे समजून घ्यायचे तर स्कॉटलंडकडे बघावे लागते. विल्सन यांचे शिक्षण एडिंबरो विद्यापीठात झाले. तिथे १७६२ पासून वक्तृत्व आणि साहित्य या विषयाचे स्वतंत्र अध्यासन होते आणि त्यावर पहिले बसले ह्यू ब्लेअर. ऑक्सफर्डने इंग्रजी साहित्याला पदवीचा स्वतंत्र विषय मानले ते १८९४ मध्ये, केंब्रिजने त्याहून उशिरा. स्कॉटलंडला ही घाई का होती? कारण लंडनची इंग्रजी ही स्कॉटिश माणसाच्या घरची बोली नव्हती. एडिंबरोचा वकील किंवा पाद्री लंडनमध्ये तोंड उघडताच हा कुठला, हे कळायचे. उच्चार घासायचे, वाक्य तोलायचे, उत्तम लेखकांचे उतारे अभ्यासायचे, हे सगळे त्यांनी स्वतः कष्टाने शिकले होते. मला या सगळ्या कथेत ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आंब्रोलीच्या बाकावर बसलेल्या मराठी मुलाला इंग्रजी शिकवणारा मास्तर अशा देशातून आला होता, जिथे ही भाषा शाळेत जाऊनच साफ करावी लागे.

दुसऱ्या बाजूने, या शिकवण्यामागचा हेतू झाकलेला नव्हता. इंग्रजी साहित्य आणि बायबल एकाच वर्गात, एकाच दिवशी वाचले जाई. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ या ग्रंथात दाखवले आहे की इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय इंग्लंडमध्ये रुजण्याआधी हिंदुस्थानात घडला, आणि राज्यकर्त्यांच्या गरजांनी घडला. सरकारी शाळांत धर्म शिकवायला बंदी, मिशनच्या शाळांत तोच पाया. पालकांना हे ठाऊक होते, तरी ते मुले पाठवत, कारण इंग्रजीला नोकरी होती.

या व्यवहाराची किंमत घरात चुकवावी लागे. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शाळा जवळजवळ ओस पडली. १८४३ मध्ये याच शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला, त्यांच्या पंक्तीला जेवला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. पण घरी आलेल्या पोराला जातीत घ्यायचे की नाही, यावर मुंबईचा ब्राह्मणवर्ग फुटला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे, या बाजूने ठामपणे उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी स्वजातीयांचा रोष पत्करला. मराठी प्रबोधनाच्या इतिहासात हे प्रकरण बाळशास्त्रींच्या धैर्याचा दाखला म्हणून येते, आणि ते योग्यच आहे. पण कोर्टात उभ्या असलेल्या त्या बापाचाही विचार करावा. एक मुलगा कायमचा गेलेला, दुसरा परत मिळूनही पंक्तीबाहेर. पोराने इंग्रजी शिकावी एवढीच त्याची इच्छा असणार.

त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये चर्च फुटले. विल्सन आणि त्यांचे सहकारी फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले आणि शाळेच्या नव्या इमारतीवर त्यांना पाणी सोडावे लागले. शाळा मात्र टिकली, कारण शिकवणारी माणसे टिकली. रॉबर्ट नेस्बिट यांच्या मराठीची तर ख्याती अशी होती की, पडद्याआडून ऐकले तर बोलणारा परदेशी आहे हे ओळखता येऊ नये. जॉन मरे मिचेल यांनी तुकारामांचा अभ्यास करून इंग्रजीत लिहिले. म्हणजे ज्या आवारात मराठी मुले इंग्रजी वाक्ये घोटत होती, त्याच आवारात त्यांचे मास्तर अभंग घोटत होते. याचा परिणाम विद्यार्थ्यांवर झाल्याशिवाय कसा राहील? याच संस्थेत बेळगावचे बाबा पदमनजी शिकले. १८५७ मध्ये त्यांचे ‘यमुनापर्यटन’ आले. हिंदू विधवांची दुःखे मांडणारे हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानले जाते. पुढे त्यांनी शब्दकोशाचे काम केले, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. इंग्रजी शिक्षणाने मराठी माणूस मराठीला मुकतो, ही तक्रार तेव्हाही होती, आजही आहे. पदमनजींच्या बाबतीत तरी तिला आधार सापडत नाही.

शेषाद्री यांनी पदमनजींसारखा लेखणीचा संसार थाटला नाही. ते बोलणारे होते. दीक्षा घेतलेले धर्मोपदेशक म्हणून ते निजामाच्या मुलखात आले आणि जालना हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. व्यापारी पेठेचे हे गाव, ‘सोन्याचा पाळणा’ म्हणून मिरवणारे. पण त्या पाळण्यात ज्यांच्यासाठी जागाच नव्हती, त्या वस्त्यांत शेषाद्री गेले. त्यांचे ऐकणारे बहुतेक मांग समाजातले होते. गावकीत राबणारी, विहिरीला हात लावू न शकणारी ही माणसे बाप्तिस्मा घेतल्यावर राहणार कुठे आणि खाणार काय? शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथे बेथेल नावाचे गाव वसवले. घरे, शेती, विहिरी, प्रार्थनामंदिर, शाळा. मिशनच्या पगारावर जगणारी प्रजा वाढवण्याऐवजी स्वतःच्या जमिनीवर उभी राहिलेली माणसे त्यांना हवी होती. पेशवाईची आठवण अजून ताजी असलेल्या काळात एका ब्राह्मण कुळात जन्मलेल्या माणसाने मांगांसाठी गाव वसवावे, त्यांच्यात राहून काम करावे, याची नोंद आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी होती. धर्मांतराबद्दल आपले मत काहीही असो.

बेथेलसाठी पैसा लागे, आणि इथे आंब्रोलीची इंग्रजी कामाला आली. शेषाद्री स्कॉटलंडला गेले, अमेरिकेला गेले. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची जागतिक परिषद भरली, तिथे ते बोलले. १८८० मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन परिषदेतही ते होते. डोक्याला फेटा आणि तोंडी अस्खलित इंग्रजी, हे दृश्य तिथल्या लोकांना नवे होते. विवेकानंद शिकागोला बोलले ते १८९३ मध्ये, त्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट. दोघांचे सांगणे परस्परविरुद्ध होते, तरी अमेरिकन सभागृहात उभे राहून इंग्रजीत हिंदुस्थानाबद्दल बोलणाऱ्यांच्या परंपरेत शेषाद्री यांना जागा द्यावीच लागेल. तिकडे न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत बोलायचे आणि इकडे बेथेलच्या झाडाखाली मराठीत, अशी दुहेरी वाणी त्यांनी आयुष्यभर सांभाळली. १८९१ मध्ये ते वारले.

त्यानंतरचा पट भराभर बदलत गेला. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू झाली. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ त्याच माध्यमाचे. जालन्याच्या मराठी मुलाला घरी मराठी, वर्गात उर्दू आणि पुढे जायचे तर इंग्रजी, असा तिपेडी अभ्यास करावा लागे. मुक्तिसंग्रामानंतर १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले. विल्सन कॉलेजात मराठी शिकवणारे समीक्षक वा. ल. कुलकर्णी याच विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख म्हणून आले. जुन्या वाटेवरून पुन्हा एकदा कुणीतरी मुंबईहून इकडे आले, या वेळी मराठी साहित्य शिकवायला.

आता प्रश्न कागदपत्रांचा. स्कॉटिश मिशनचे दफ्तर एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररीत आहे. ही सगळी सामग्री इंग्रजीत आहे आणि तिच्यातली माणसे मराठी बोलणारी, मराठवाड्यातली. इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. होणाऱ्या जालन्याच्या मुलामुलींनी शेक्सपिअर, मिल्टन जरूर वाचावेत. त्यांच्यापैकी एखाद्याने पीएच. डी.साठी या दफ्तरातल्या अहवालांना हात घालावा आणि बेथेलच्या शाळेत कुणाची मुले शिकली, कोणती पुस्तके वाचली, पुढे कुठे गेली, हे शोधावे. मिशनऱ्यांनी देणगीदारांसाठी लिहिलेला मजकूर तसाच खरा धरून चालणार नाही. बेथेलमधल्या जुन्या कुटुंबांच्या आठवणी, चर्चमधल्या नोंदवह्या आणि महसुलाचे उतारे शेजारी ठेवून तो तपासावा लागेल. हे काम जालन्याच्याच माणसाने करावे, कारण त्या कागदांत इंग्रजी स्पेलिंगखाली दडलेली गावांची नावे आणि आडनावे त्यालाच ओळखू येतील.