अळंबी, अनुभूती आणि आराधना

गेल्या चातुर्मासात माझ्या एका स्नेह्यांना त्यांच्या नातवाचा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातून फोन आला. "आजोबा, मी घरीच एका डब्यात अळंबी वाढवली आहे. जिभेच्या चवीसाठी नव्हे, ध्यानासाठी. इथल्या कायद्याला ते मान्य आहे." ज्या घरात पापडावर बुरशीचा ठिपका दिसला तरी डबा बाजूला ठेवला जातो, त्या घरातील मुलाचे हे बोल! रागवावे तर नातू दुरावेल, गप्प राहावे तर कर्तव्य चुकेल. स्नेह्यांनी मला सल्ला विचारला. त्यानिमित्ताने जे वाचनात आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

या अळंबीत सिलोसायबिन नावाचे द्रव्य असते. त्याने काही तास मनाला भास होतात. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातील माझातेक लोक ही अळंबी आजाऱ्याच्या उपचारासाठी, रात्रीच्या प्रार्थनाविधीत वापरीत. त्यांच्यातील मारिया साबिना या वृद्धेकडे १९५५ साली गॉर्डन वॉसन हे अमेरिकन गृहस्थ पोहोचले. मी स्वतः बँकेत नोकरी केली असल्याने एका गोष्टीचे नवल वाटले : हे गृहस्थ न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेचे उपाध्यक्ष होते. १९५७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्यांनी आपला अनुभव लिहिला आणि त्या डोंगरी गावाकडे परक्यांची रीघ लागली. त्यांना आजार बरा करायचा नव्हता, देव पाहायचा होता. गावकऱ्यांचा रोष मारिया साबिनावर उसळला. तिचे घर जाळले गेले. परके आल्यापासून अळंबीतील शक्ती गेली, अशी खंत तिने पुढे बोलून दाखवली. १९७६ मध्ये ही अळंबी घरी वाढविण्याची माहिती देणारे पुस्तक निघाले आणि गावाचा विधी शहरातील खोलीत येऊन बसला. ना आजारी, ना जाणती वृद्धा. उरला केवळ डबा.

कोलोरॅडोत २०२२ च्या जनमतानंतर प्रौढांना स्वतःपुरती अशी लागवड करता येते, हे खरे. भारतात मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सिलोसायबिन आहे. मानसिक आजारावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याचे संशोधन चालू आहे. तो वैद्यकाचा विषय, साधनेचा नव्हे.

कायद्याने मुभा दिली म्हणून श्रावकाचा प्रश्न मिटत नाही. आपल्या परंपरेने भूछत्राला अनंतकायात गणले आहे : एका शरीरात अनंत जीव. मुळे उपटावी लागत नाहीत म्हणून हिंसा घडत नाही, हा युक्तिवाद येथे टिकत नाही. दुसरे, ज्याने भान हरपते ते मद्याच्याच पंगतीतले. आणि मद्य हा पहिला प्रमाद. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव आहे. कर्माचे आवरण निर्जरेने क्षीण होते तसतसे ते प्रकटते. बाहेरून आणलेली अनुभूती ही उसनी रक्कम आहे. खात्यात चार तास शिल्लक दिसते. सकाळी खाते पूर्ववत, वर व्याज निराळे.

स्नेह्यांनी नातवाला हे शांतपणे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, मग आता डबा फेकला तर त्या जीवांचे काय?" स्नेह्यांचे डोळे भरून आले. संस्कार पुसले गेले नव्हते. "नवी लागवड करू नकोस, आहे ते यतनेने परठव आणि महाराजसाहेबांपाशी आलोचना घे," एवढेच ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारला. शांती शोधायला मुलाला डब्यापाशी का जावे लागले? 'हे खाऊ नकोस' हे त्याला शंभरदा सांगितले. सामायिकासाठी शेजारी मात्र कधी बसवले नाही. आता दर रविवारी आजोबा इथे आणि नातू तिथे, फोन बाजूला ठेवून एकाच वेळी सामायिक करतात. ४८ मिनिटे. इथे रात्र असते, तिथे सकाळ.

आपल्या घरी तरुण मुले आहेत. निषेधाआधी त्यांच्यासाठी आपण आसन पसरले आहे का, एवढे प्रत्येकाने पाहावे.