गाडीचें स्टिअरिंग अचानक जड झालें तर—

ज्या घरांत चार माणसें एकच वस्तु वापरतात, त्या घरांत तिची काळजी चौघेंहि घेत असतील असें आपण समजतों. प्रत्यक्षांत पुष्कळदां ती कोणीच घेत नाहीं. विहिरीचा रहाट करकरूं लागला, कीं जो तो आपल्यापुरतें पाणी काढून घेतो आणि तेल दुसरा कोणी घालील म्हणून निघून जातो. आमच्या घरीं हाच प्रकार मोटारीच्या बाबतींत घडला. कोणाला इजा झाली नाहीं, हें दैव. परंतु त्या प्रकरणांत यंत्राचा दोष किती आणि माणसाचा किती, याचा हिशेब मांडला पाहिजे असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

आम्ही कोपरखैरण्यास राहतों. सिडकोनें वसविलेल्या नव्या मुंबईंतील हा भाग लहान लहान भूखंडांचा आणि दाट वस्तीचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांस गाड्या उभ्या असतात, व मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट उरते. गाडी जागेवर लावावयाची म्हणजे स्टिअरिंग एकदां पुरें उजवीकडे, एकदां पुरें डावीकडे, असें सातआठ वेळां फिरवावें लागतें. घरांत नाना, आई, आम्ही दोघे भाऊ, दोघी सुना व मुलें. गाडी एक, नऊ वर्षांची. आणि ती चालविणारीं माणसें तीन.

श्रावणाच्या अखेरीस एके दिवशीं घणसोलीहून घरीं येतांना, समोरच्या फलकावर स्टिअरिंगच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला मीं पाहिला. दोन मिनिटांत तो विझला. चार दिवसांनीं पुन्हां लागला, पुन्हां विझला. कोपऱ्यावरील मिस्त्रीस गाडी दाखविली, तेव्हां त्यानें बॉनेट उघडून बॅटरीच्या टोकांवर सांचलेली पांढरट पूड दाखविली आणि म्हटलें, "साहेब, बॅटरी संपत आली आहे. आठवड्याच्या आंत बदला, आणि पट्टाहि तपासून घ्या." गणपतीचा खर्च पुढें उभा होता. 'गौरी-गणपति होऊन जाऊं देत, मग पाहूं,' असें मनाशीं म्हणून मी घरीं आलों. आणि घरांत कोणापाशींहि कांहीं बोललों नाहीं.

त्यानंतर पांचव्या दिवशीं संध्याकाळीं धाकट्या भावाची पत्नी आईला डोळे तपासण्यासाठीं वाशीस घेऊन गेली. परततांना पाऊस कोसळत होता. पुढचे दिवे, वायपर, कांचेवरील धुकें घालविणारा पंखा, सर्व कांहीं एकदम चालूं होतें. तीन टाकीच्या चौकांत ती डावीकडे वळत असतां स्टिअरिंग एकाएकीं जड झालें. "भावोजी, पलीकडून कोणीतरी चाक धरून ठेवल्यासारखें वाटलें," असें ती मागाहून म्हणाली. गाडी वळण सोडून दुभाजकाकडे जाऊं लागली. तिनें दोन्ही हातांनीं सारें बळ एकवटून चाक ओढलें, ब्रेक दाबला, आणि गाडी दुभाजकापासून हातभर अंतरावर थांबली. मागच्या रिक्षावाल्यालाहि वेळेवर थांबतां आलें. थोड्या वेळानें इंजिन बंद करून तिनें पुन्हां सुरू केलें, तों स्टिअरिंग पूर्ववत् हलकें! ती जपून घरीं आली.

रात्रीं जेवतांना विषय निघाला. नानांनीं पंचवीस वर्षें फियाट चालविलेली. गाडी दारापर्यंत नीट चालत आली, तेव्हां तींत बिघाड कसला, असें त्यांचें म्हणणें. "सूनबाई, पावसांत वेग आवरावा. गाडीला दोष देऊं नये," ते म्हणाले. "वेग मुळींच नव्हता," आईनें सांगून पाहिलें. सून कांहीं बोलली नाहीं. मान खालीं घालून ती भात कालवीत राहिली. मी समोरच बसलों होतों. पिवळ्या दिव्याची गोष्ट माझ्या जिभेवर आली आणि तेथेंच राहिली.

आतां हें पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पुढचीं चाकें वळविण्यास लागणाऱ्या बळापैकीं बराच भाग माणसाच्या ऐवजीं यंत्रानें उचलावा, ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरानें १९२६ सालीं तेलाच्या दाबावर चालणारी अशी रचना गाडीवर बसवून दाखविली. पण ती खर्चाची असल्यामुळें प्रवाशांच्या विक्रीच्या मोटारींत येण्यास १९५१ साल उजाडलें. त्या वर्षीं क्रायस्लर कंपनीनें ती आपल्या इंपीरियल गाडींत दिली. विजेच्या मोटरवर चालणारी रचना १९८८ मध्यें जपानांत सुझुकीच्या सर्व्हो या लहान गाडींत आली. तेलाच्या प्रकारांत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो; पट्टा तुटला, तेल गळलें किंवा पंप बिघडला, कीं मदत थांबते. विजेच्या प्रकारांत चालकाचा हात किती जोर लावतो हें एक संवेदक मोजतो, आणि त्या मानानें मोटर आपला जोर मिळविते. तेथें बॅटरी दुबळी झाली, तार सैल झाली, किंवा संवेदकांत दोष आला, तर यंत्र मदत बंद करून दिवा लावतें. तंग जागेंत पुनःपुन्हां स्टिअरिंग फिरविल्यानें मोटर तापली, तरी स्वतःच्या बचावासाठीं ती मदत कमी करते. कोपरखैरण्याच्या गल्ल्यांतून गाडी लावणाऱ्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

येथें सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं नेहमीच्या गाड्यांतून मदत गेली तरी स्टिअरिंगचा दांडा आणि रस्त्यावरचीं चाकें यांचा सांधा कायम असतो. गाडी वळत नाहीं असें नव्हे. ती वळविण्यास बळ फार लागतें, एवढेंच. वेगांत हा फरक कमी जाणवतो. वेग मंद असतां, म्हणजे नेमका चौकांत व वळणावर, तो अतिशय जाणवतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिस्त्री घरीं आला. बॅटरी दुबळी, एक टोक गंजून सैल झालेलें, आणि वीज निर्माण करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टाहि ढिला. पावसांत दिवे, वायपर व पंखा यांनीं वीज ओढली. त्यांतच वळणावर स्टिअरिंगच्या मोटरनें मोठा घोट मागितला. तो मिळाला नाहीं. नाना शेजारीं उभे राहून ऐकत होते. त्यांची मुद्रा पाहून मिस्त्रीनें स्टिअरिंगचा फ्यूज काढला, इंजिन चालूं ठेवलें आणि म्हटलें, "नाना, आतां आपण फिरवून पाहा." नाना आंत बसले. एका हातानें फिरेना. दोन हात लावले. चाक वीतभर हललें आणि नानांच्या कपाळाला घाम आला. "माझी फियाट कांहीं एवढी जड नव्हती!" ते उद्गारले.

नानांचें म्हणणें खरें होतें, आणि त्याचें कारणहि आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या त्या जुन्या गाड्यांचें स्टिअरिंग मोठ्या घेराचें, टायर अरुंद, आणि रचना अशी, कीं हाताला फेरे जास्त पडावेत पण जोर कमी लागावा. ज्या गाडींत मदत गृहीत धरलेली असते, तींत फेरे कमी ठेवतात, टायर रुंद असतात आणि इंजिनाचा भारहि बहुधा पुढच्याच चाकांवर असतो. म्हणून मदत गेलेली नवी गाडी ही मदत कधींच नसलेल्या जुन्या गाडीपेक्षां जड लागते. शिवाय हातालाहि हलकेपणाची संवय झालेली असते, आणि बिघाड पूर्वसूचना न देतां वळणाच्या मध्यावर येतो.

त्या क्षणीं मला राहवेना. "नाना, काल दोष हिच्या हाताचा नव्हता. दिवा पंधरा दिवसांपासून लागत होता. मिस्त्रीनें सांगितलेंहि होतें. मला ठाऊक होतें, आणि मीं कोणाला सांगितलें नाहीं," असें मीं म्हटलें. नाना कांहीं वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले. मला त्यांनीं एक शब्दहि विचारला नाहीं. तें न विचारणें अधिक लागलें. वर आल्यावर त्यांनीं स्वयंपाकघराच्या दाराशीं उभें राहून म्हटलें, "सूनबाई, काल मी पाहिल्याशिवाय बोललों. तूं गाडी सांभाळलीस, हिलाहि सांभाळलेंस."

असा प्रसंग कोणावरहि येऊं शकतो. म्हणून काय करावें तें सांगतों. स्टिअरिंग जड होतांच तें सोडूं नये. दोन्ही हातांनीं समोरासमोर घट्ट धरावें व लागेल तेवढें बळ लावावें. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा, ब्रेक बेतानें दाबावा, चारी इशाऱ्याचे दिवे लावावेत आणि गाडी हळूहळू डाव्या कडेला न्यावी. गाडी चालूं असतां इंजिन बंद करूं नये. तसें केल्यास ब्रेकलाहि मिळणारी मदत संपते, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंगला कुलूप बसण्याचें भय असतें. संकट मोठें वाटल्यास ११२ या क्रमांकावर मदत मागावी. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करून पुन्हां सुरू केल्यानें कधीं कधीं स्टिअरिंग हलकें होतें. पण त्यावर विसंबूं नये. दोष गेलेला नसतो, लपलेला असतो.

तो लपूं नये म्हणून नित्याची निगा सोपी आहे. बॅटरीचीं टोकें स्वच्छ व घट्ट ठेवावींत. पट्ट्याचा ताण आणि तेलाचें स्टिअरिंग असल्यास तेलाची पातळी तपासावी. टायरांत हवा कमी असूं नये. चाक एका टोकाला पुरें फिरवून तसेंच दाबून धरूं नये. आणि उभ्या गाडीचें स्टिअरिंग शक्य तों फिरवूं नये, गाडी किंचित् सरकत असतां फिरवावें.

कधीं दोष निगेचा नसून मुळांत घडणीचाच असतो. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें २०१४ च्या मार्चअखेर विजेच्या स्टिअरिंगची मदत एकाएकीं बंद पडण्याच्या कारणासाठींच सुमारें १३ लक्ष गाड्या परत बोलाविल्या. आपल्याकडेहि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें कलम ११०-अ आलें असून, सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार उत्पादकांस देऊं शकतें. मात्र त्यासाठीं मालकांनीं तक्रार नोंदविली पाहिजे. जो मनुष्य दिवा पाहून गप्प बसतो, तो आपल्या घराचेंच नव्हे, तर तशीच गाडी असलेल्या इतर घरांचेंहि नुकसान करतो.

आमच्या घरीं आतां किल्ली अडकविण्याच्या खिळ्यालाच एक लहान वही दोऱ्यानें बांधली आहे. ज्याला जें दिसेल, ऐकूं येईल, वा हाताला वेगळें लागेल, तें त्यानें तारीख घालून लिहावयाचें. दुसऱ्यानें किल्ली उचलण्यापूर्वीं तें वाचावयाचें. पहिल्या पानावर पहिली ओळ माझ्या हातची आहे: पिवळा दिवा, बॅटरी बदलली. तिच्याखालीं सुनेनें लिहिलें आहे: मागच्या डाव्या टायरांत हवा कमी. परवां पाहिलें, तों त्याखालीं नानांच्या थरथरत्या अक्षरांत एक ओळ होती: हवा भरून आणली.