अमली पदार्थांची नावे व किशोरांचे ज्ञान

किशोरवयीन मुलांना अमली पदार्थांची माहिती कोठून मिळते, या प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने क्वचितच होतो. वस्तुतः पदार्थाचा पहिला परिचय त्याच्या नावातूनच घडतो.

खंडाळ्यासारख्या ग्रामीण तालुक्यात हे ज्ञान प्रथम घरी मिळते. भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मिश्री किंवा मशेरी, विशेषतः स्त्रिया दातांना लावतात. नावात तंबाखूचा निर्देश नाही. ‘लावणे’ हे क्रियापदही दंतमंजनाचेच. साहजिकच मुलांच्या लेखी मिश्री व्यसनांत मोडत नाही.

घराबाहेरचे ज्ञान समवयस्कांकडून येते. १९८० नंतरच्या दशकात मुंबईत हेरॉइनचा अशुद्ध प्रकार ‘गर्द’ व ‘ब्राऊन शुगर’ या नावांनी पसरला. ‘गर्द’ म्हणजे फारसीत धूळ. दुसऱ्या नावात साखर. हेरॉइन अफूपासून बनते, हे दोन्ही नावांवरून कळत नाही. त्यामुळे ‘अफू’ या शब्दाशी जडलेले भयही त्यांच्या वाट्यास येत नाही. १९८६ साली अनिल अवचट यांचे ‘गर्द’ हे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्यानंतर त्या शब्दामागील दारुण वास्तव मराठी वाचकांस कळू लागले.

‘अमली पदार्थ’ ही औपचारिक संज्ञा व्यापक असली, तरी तिच्यावरून मुलास घरची मिश्री आठवत नाही, की मित्राच्या हातची पुडी ओळखता येत नाही. म्हणून शिक्षकाने मुलांच्या तोंडची नावे प्रथम जाणून घ्यावीत व प्रत्येक नावामागील पदार्थ स्पष्ट करून सांगावा.