बोलोन्यातले पहिले आठ दिवस: कागद, खोली आणि शहराची पडवी

परदेशात शिकायला गेलेल्यांच्या गोष्टी आपण या पॉडकास्टवर ऐकत असतो. आज माझी पाळी. ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं अशांसाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतेय.

मी सांगलीची. दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी इटलीतल्या बोलोन्याला आले. युरोपातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ, स्थापना १०८८. म्हणजे तसं मानतात, कारण तेव्हाचा काही उद्घाटनाचा फलक नाही. १९व्या शतकात अभ्यासकांनी बसून हे वर्ष ठरवलं आणि १८८८ मध्ये ८००वा वाढदिवस थाटात साजरा केला.

फोटो तुम्ही रील्सवर पाहिलेच असतील. तांबूस भिंती, कमानी, दोन मनोरे. पण पहिल्या आठवड्यात माझ्या डोक्यात दोनच शब्द होते: कागद आणि खोली. हॉस्टेलचं बुकिंग १० रात्रींचं होतं. शिक्षणाच्या कर्जाचा पहिला हप्ता खात्यात आला होता आणि प्रत्येक युरो मी मनातल्या मनात रुपयांत मोजत होते. आधी कागदांचं बघू.

कागद पहिला: तुमचा कोड

इटलीत सगळं सुरू होतं ‘कोदिचे फिस्काले’पासून. आपल्या पॅनसारखा १६ अक्षरा-आकड्यांचा कोड. खोलीचा करार, बँक खातं, फोनचं सिम, सगळीकडे हाच विचारतात. तो कर खात्याच्या ऑफिसात फुकट मिळतो.

गंमत म्हणजे तो कसा बनतो ते उघड असतं. आडनावाची तीन अक्षरं, नावाची तीन, जन्मवर्षाचे दोन आकडे, महिन्यासाठी एक अक्षर, मग तारीख. मुलींच्या तारखेत ४० मिळवतात. माझा जन्म १४ तारखेचा, म्हणून माझ्या कोडात ५४! त्यानंतर जन्मस्थळ. इटलीत जन्मलात तर तुमच्या गावाचा कोड, बाहेर जन्मलात तर अख्ख्या देशाचा एकच. भारताचा झेड २२२. सांगली असो की शिलाँग, आपण सगळे झेड २२२.

महाराष्ट्रातल्या मुलामुलींसाठी एक खास सूचना. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं. इथे ते दोन्ही मिळून तुमचं एकच नाव समजतात. त्यामुळे कोड, बँक, विद्यापीठ, सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. एका ठिकाणी वडील गाळले आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवले, तर तुम्ही कागदावर दोन वेगळी माणसं होता. मला खिडकीवर बोलावतात तेव्हा बाबांच्या नावासकट बोलावतात. आता सवय झाली.

कागद दुसरा: राहण्याची परवानगी

व्हिसा मिळाला म्हणजे झालं असं घरी सगळ्यांना वाटतं. व्हिसा फक्त आत येण्यापुरता. इथे राहण्यासाठी ‘पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो’ लागतो आणि इटलीत पोचल्यापासून कामाच्या ८ दिवसांत त्याचा अर्ज टाकावा लागतो. रविवार आणि सरकारी सुट्ट्या धरायच्या नाहीत, पण दिवस भराभर जातात.

अर्जाचा संच पोस्टात मिळतो. फॉर्म भरायचा, पासपोर्ट, प्रवेश, विमा आणि पैशांचा पुरावा यांच्या झेरॉक्स जोडायच्या आणि १६ युरोचा सरकारी स्टॅम्प लावायचा. हा स्टॅम्प मिळतो कुठे? तंबाखूच्या दुकानात! बाहेर मोठ्ठा ‘टी’ लावलेला असतो, तिथेच बसचं तिकीटही मिळतं. सगळे खर्च धरून १०० युरोच्या वर जातात, तेवढे बाजूला काढून ठेवा.

पोस्टातून मिळालेली पावती जिवापाड जपा. कार्ड हातात यायला महिने लागू शकतात, तोवर ही पावतीच तुमचा आधार. त्यासोबत पोलिसांच्या मुख्यालयाची, म्हणजे ‘क्वेस्तुरा’ची, तारीख मिळते. तिथे बोटांचे ठसे द्यायचे.

आता खरी मेख. फॉर्मवर इटलीतला पत्ता लिहायचा असतो. म्हणजे गाडी फिरून खोलीवरच येते.

खोली

बोलोन्या साधारण ४ लाख वस्तीचं शहर. विद्यापीठात ८० हजारांहून जास्त विद्यार्थी. त्यातले काही बाकीच्या चार गावांतल्या कॅम्पसमध्ये असतात, पण उरलेले सगळे इथेच खोली शोधतात, आणि तेही सप्टेंबरमध्येच. ‘सिंगोला’ म्हणजे एकट्याची खोली, ‘दोप्पिया’ म्हणजे दोघांत एक. हे दोन शब्द मी सगळ्यात आधी शिकले.

चौथ्या दिवशी मला एक जाहिरात सापडली. सुंदर फोटो, भाडं ४५० युरो, विद्यापीठापासून चालत १० मिनिटं. मालक म्हणाला, “मी सध्या दुसऱ्या देशात आहे, दोन महिन्यांचं डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरने येईल.” मी विचारलं, व्हिडिओ कॉलवर खोली दाखवता का? उत्तर आलं, आणखी तिघे रांगेत आहेत, संध्याकाळपर्यंत सांगा.

९०० युरो. रात्री आईचा फोन आला, “जेवलीस का?” मी हो म्हटलं आणि बाकीचं पोटातच ठेवलं. मग इथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ती लिंक टाकली. पाच मिनिटांत पीएचडी करणाऱ्या नागपूरच्या एका ताईचा मेसेज आला: “हेच फोटो गेल्या वर्षी दुसऱ्या पत्त्यावर होते. एक पैसा पाठवू नकोस.”

तिने सांगितलेले नियम तसेच्या तसे देते. खोली स्वतः किंवा ओळखीच्या कुणी पाहिल्याशिवाय पैसे नाहीत. लेखी करार हवा आणि तो कर खात्यात नोंदवलेला हवा. तुमच्यासारख्या युरोपबाहेरच्या माणसाला घरात ठेवलं की ४८ तासांत पोलिसांना कळवणं घरमालकावर बंधनकारक आहे, त्याची प्रत मागा. “नोंदणी नको, भाडं कमी करतो” असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून निघा.

सातव्या दिवशी तिच्याच ओळखीने एका फ्लॅटमध्ये ‘दोप्पिया’तला पलंग मिळाला. आठव्या दिवशी पोस्टात अर्ज टाकला.

पण हे सगळं इथे नवीन नाही

विद्यापीठात ओळख करून देणाऱ्या सत्रात एक गोष्ट कळली आणि मग मी त्यावर बरंच वाचलं. १२व्या शतकात कायदा शिकायला युरोपभरातून मुलं बोलोन्याला येत. ती इथली नागरिक नव्हती, त्यामुळे शहराच्या कायद्याचं संरक्षण त्यांना नव्हतं. एखाद्या जर्मन व्यापाऱ्याने कर्ज बुडवलं, तर वसुलीसाठी भलत्याच जर्मन विद्यार्थ्याला धरत. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११५८च्या सुमारास फर्मान काढून हे थांबवलं: शिकण्यासाठी प्रवास करणाऱ्याला संरक्षण, आणि देशबांधवाच्या कर्जासाठी त्याला धरायचं नाही. माझ्या पावतीची ही खापरपणजीच म्हणा.

फर्मान पुरेसं नव्हतं. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रदेशाप्रमाणे गट केले आणि ते गट एकत्र आले. अशा संघाला लॅटिनमध्ये ‘उनिव्हर्सितास’ म्हणत. आपला ‘युनिव्हर्सिटी’ शब्द तिथून आला. इथे तो मुळात विद्यार्थ्यांच्या संघासाठी होता! संघाचा प्रमुख विद्यार्थी असे, शिक्षकांचं मानधन विद्यार्थी देत आणि उशिरा येणाऱ्या शिक्षकाला दंड होई. आज उलट आहे: १० चा तास सव्वादहाला सुरू होतो आणि ती १५ मिनिटं चक्क परंपरा मानतात.

खोल्यांची टंचाईही तेव्हापासूनची. ती तुम्हाला रस्त्यावर दिसते. लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले, खाली खांब दिले. आपल्याकडची पडवी रस्त्यावर आणावी तसं. हेच ‘पोर्तिको’. दुसऱ्या शहरांनी ते पाडायला लावले, बोलोन्याने १२८८ मध्ये नवीन घरांना ते सक्तीचे केले. जमीन मालकाची, पण वाट सगळ्यांची. आज शहरात एकूण ६२ किलोमीटर पोर्तिको आहेत आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. पावसात छत्री न घेता मी वर्गात पोचते.

वेळ काढून ‘आर्किजिन्नासिओ’ ही १५६३ची विद्यापीठाची जुनी इमारत बघा. भिंतीभर आणि छतावर विद्यार्थ्यांची हजारो कुलचिन्हं आहेत. दूरदूरहून आलेली पोरं. त्यांनाही कुठेतरी खोली शोधावी लागलीच असेल.

निघण्याआधी

छोट्या गोष्टी पटकन. मार्क ३० पैकी, पास व्हायला १८. बऱ्याच परीक्षा तोंडी. दुपारी छोटी दुकानं बंद असतात, पुणेकरांना घरच्यासारखं वाटेल. आझिनेल्ली मनोरा ९७ मीटरचा, पण पदवीआधी चढला तर पदवी मिळत नाही अशी समजूत आहे. शेजारचा कलता गारिसेन्दा धोक्याचा झाल्याने ऑक्टोबर २०२३ पासून दोन्ही बंद केले, त्यामुळे मोहच नको.

आणि मुख्य गोष्ट: विमानात बसण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांचा ग्रुप शोधा, आणि पहिल्याच दिवशी लाज न बाळगता विचारा. ९०० वर्षांपूर्वीच्या पोरांनी हेच केलं, त्यातून विद्यापीठ उभं राहिलं. माझे ९०० युरो वाचले, तेही काही कमी नाही.

या सप्टेंबरात ग्रुपवर नव्या मुलीने खोलीची लिंक टाकली की पहिलं उत्तर मी देणार आहे. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या भागात बोलू स्कॉलरशिप आणि कॅन्टीनबद्दल. तोवर काळजी घ्या!