सरकार कर्जात, मग पोस्टातला पैसा बुडणार का?

महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला गेला, तेव्हा राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाईल असा अंदाज त्यात होता. गडचिरोलीतल्या अहेरी, आलापल्लीसारख्या गावांत अशा आकड्याची धास्ती वाटणे साहजिकच. इथे ठरलेल्या तारखेला पैसा हाती येतो तो बहुतेक सरकारी पगाराचा किंवा पेन्शनचा. शिक्षक, वनरक्षक, पोलीस, आरोग्यसेविका निवृत्त होतात, ग्रॅच्युइटी आणि जीपीएफची रक्कम हाती पडते, ती पोस्टात नाहीतर बँकेत जाते. सरकारच कर्जबाजारी असेल तर आपल्या ठेवीचे काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याची जी उत्तरे कानावर येतात, त्यांतली बरीचशी मात्र चुकीची आहेत.

पहिला गैरसमज सरळ गल्लतीचा आहे. ९.३२ लाख कोटींचे कर्ज राज्याचे. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना, मासिक उत्पन्न योजना, पीपीएफ यांची जबाबदारी केंद्र सरकारची. राज्याच्या तिजोरीवर ताण आला म्हणून पोस्टातले खाते अडचणीत येत नाही. शिवाय बँकेतल्या ठेवीला विमा आहे तो एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच. पोस्टातल्या रकमेमागे केंद्राची पूर्ण हमी आहे. राज्याच्या कर्जाचा आकडाही एकटा पाहून उपयोग नाही. त्याच अंदाजानुसार ते राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत होते. केंद्राचे कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत ५६ टक्क्यांच्या घरात, म्हणजे खरा भार तिकडे अधिक आहे.

मग केंद्रच बुडाले तर? इथे १९९१ चे सोने गहाण प्रकरण हमखास पुढे येते. तेव्हा चणचण होती परकीय चलनाची. आयातीचे आणि परदेशी देण्यांचे डॉलर संपत आले होते. आज केंद्राचे बहुतांश कर्ज रुपयांत आहे आणि ते देशातल्याच बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी यांनी दिलेले आहे. ग्रीसमध्ये पेन्शन कापली गेली, कारण त्या देशाचे कर्ज युरोत होते आणि युरो छापणे त्याच्या हातात नव्हते. रुपयाचे तसे नाही.

तरीही कर्जाची झळ निवृत्तांना लागतच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. ती लागते, पण वेगळ्या वाटेने. २०२० मध्ये तिजोरीवर ताण आला तेव्हा केंद्राने पेन्शन थांबवली नाही. महागाई भत्त्याची वाढ जानेवारी २०२० पासून जून २०२१ पर्यंत गोठवली आणि त्या काळाची थकबाकी दिलीच नाही. पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या नाकरा निकालात स्पष्ट केले आहे. मूळ पेन्शनला त्याचे पाठबळ आहे, भत्त्याच्या वेळापत्रकाला तेवढे नाही.

दुसरी वाट व्याजदराची. पोस्टाचा दर कायम तोच राहतो, असे गृहीत धरून आयुष्याचा हिशेब मांडणारे पुष्कळ आहेत. पीपीएफवर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के मिळत. एप्रिल २०२० पासून ७.१. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर त्याच महिन्यात ८.६ वरून ७.४ वर आला आणि एप्रिल २०२३ मध्ये ८.२ झाला. दहा लाख ठेवणाऱ्याला ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २०,५०० रुपये मिळतात, ७.४ टक्क्यांनी १८,५००. या योजनेत खाते उघडताना जो दर असतो तो पाच वर्षे टिकतो, पण त्यानंतर काय असेल ते कोणी सांगू शकत नाही.

तिसरी वाट महागाईची, आणि तीच सर्वांत कमी बोलली जाते. महागाई सहा टक्के राहिली तर आज २० हजारांत भागणाऱ्या घराला बारा वर्षांनी ४० हजार लागतील. मुद्दल सुरक्षित राहूनही माणूस गरीब होतो तो असा.

१ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय पेन्शन योजनेतला (एनपीएस) मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत असतो, म्हणून तो कधीच घटत नाही, हाही गैरसमज. सरकारची उसनवारी वाढून बाजारातले व्याज ७ वरून ८ टक्क्यांवर गेले, तर ७ टक्क्यांचा दहा वर्षांचा शंभराचा रोखा सुमारे ९३ रुपयांना विकला जाईल. मुदतीपर्यंत धरून ठेवला तर शंभर पूर्ण मिळतात. त्यामुळे निवृत्तीला पंधरा वर्षे असलेल्या शिक्षिकेने ही घट पाहून घाबरू नये. पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्याने मात्र ती गांभीर्याने घ्यावी.

सरकारवरचा विश्वास उडाला म्हणून दामदुपटीच्या खासगी योजनेकडे वळणे हा सगळ्यांत महागडा उपाय. 'पर्ल्स' नावाने गावोगाव ओळखल्या गेलेल्या पीएसीएलने जमीन देण्याच्या नावाखाली देशभरातून सुमारे ४९ हजार कोटी रुपये गोळा केले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ते परत करण्याचा आदेश दिला, तरी लाखो लोकांचे पैसे वर्षानुवर्षे अडकून राहिले. कोणी घरी येऊन पोस्टापेक्षा दुप्पट व्याज देऊ करत असेल, तर सही करण्याआधी त्या कंपनीची नोंद सेबीकडे किंवा रिझर्व्ह बँकेकडे आहे का, हे तपासा. पोस्टाचे दर दर तीन महिन्यांनी जाहीर होतात. पैसे गुंतवण्याच्या दिवशी चालू दर खिडकीवर विचारून घ्या.