कॉम्प्युटर अचानक बंद पडतोय? आधी वेळ बघा

बारामती एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात परवा डेस्कटॉप बघायला गेलो. बिलं करता करता मशीन अचानक बंद. विंडोज नव्याने टाकूनही तेच.

अशा वेळी मी आधी विचारतो, बंद कधी पडतो?

🔹 काम वाढलं की? बहुधा उष्णता. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या वर जायला लागला की स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. हीटसिंकमधली धूळ काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला.

🔹 शेजारची मोठी मोटर सुरू होताना? व्होल्टेज क्षणभर पडतं. यूपीएसची बॅटरी आणि वायरिंग तपासून घ्या.

🔹 कधीही, कसाही? एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घ्या. दुसरा चांगला लावून बघा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं तर तेच कारण समजू नका. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच ते सांगतं.

या ऑफिसात हीटसिंक धुळीने गच्च भरलं होतं. साफ केल्यावर मशीन सुरळीत चाललं.

कळकळीची विनंती: वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी आणि तेल असतं. प्लग काढून, पंखा धरून ब्लोअर वापरा. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका.

तुमचा कॉम्प्युटर नेमका कधी बंद पडतो? लिहा, मिळून शोधू.